पाणलोट क्षेत्राचा क्रमांक कसा वाचायचा?

जगात पाणलोट क्षेत्रं किती आहेत, याचा आकडा कुणी देऊ शकणार नाही. कुणी मोजायचा आळस केला म्हणून नव्हे, तर तसा आकडाच नसतो म्हणून. एखाद्या ओढ्याच्या पात्रात कुठेही उभं राहा. वरच्या अंगाची जेवढी जमीन आपल्यावर पडलेलं पावसाचं पाणी तुमच्या पायाशी आणून सोडते, तेवढं त्या जागेचं पाणलोट क्षेत्र. प्रवाहाच्या दिशेनं थोडं खाली सरका, क्षेत्र जरासं वाढतं. संगम ओलांडून खाली या, एका पावलात ते दुप्पटही होऊ शकतं. म्हणजे प्रवाहावर जितके बिंदू, तितकी पाणलोट क्षेत्रं. आणि लहान क्षेत्र मोठ्याच्या पोटात, ते त्याहून मोठ्याच्या पोटात.

त्यामुळे नकाशा करणाऱ्याला आधी बिंदू ठरवावा लागतो, रेषा नंतर येते. या बिंदूला निर्गमबिंदू म्हणतात: इथून वरचं सगळं पाणी बाहेर पडतं असं आपण धरतो. संगम, धरणाची जागा, नदीचं मुख, पाणी मोजायचं केंद्र, कुठलाही बिंदू चालतो. तो ठरला की सीमारेषा कुठून जाईल हे जमिनीचा उतार सांगतो, त्यात आपल्याला फारसं काही म्हणायला जागा नसते. पण बिंदूची निवड सर्वस्वी माणसाची. पाणलोटांचं वर्गीकरण, नावं आणि क्रमांक यांबद्दलचे बहुतेक घोळ या एका गोष्टीतून निघतात.

रेषा काढण्याबद्दल थोडक्यात. कागदी नकाशावर समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, पाहायच्या. दरीत त्या इंग्रजी व्ही अक्षरासारख्या वळतात आणि टोक चढाकडे असतं. डोंगराच्या सोंडेवर टोक उताराकडे असतं. जलविभाजक रेषा, म्हणजे पाणलोटाची सीमा, सोंडेच्या माथ्यावरून जाते, समोच्च रेषांना काटकोनात कापते आणि प्रवाहाला एकाच ठिकाणी ओलांडते: निर्गमबिंदूपाशी. काढलेली रेषा आणखी कुठे ओढ्यावरून जात असेल तर ती चुकली, इतकी सोपी तपासणी.

आता हे काम संगणक करतो. उंचीच्या आकड्यांची चौकटीचौकटींची जाळी घ्यायची, प्रत्येक चौकट आपल्या आठ शेजाऱ्यांपैकी सर्वांत तीव्र उताराच्या शेजाऱ्याकडे पाणी पाठवते असं धरायचं, आणि कुठल्या चौकटीत किती चौकटींचं पाणी जमतं ते मोजायचं. डोंगराळ भागात हे झकास चालतं. सपाट मैदानात मात्र शेजारच्या चौकटींच्या उंचीत फरकच नसतो आणि संगणक अंदाजपंचे रेषा ओढतो. रस्त्याचा भराव त्याला बांधासारखा दिसतो, कारण भरावाखालची मोरी वरून मोजलेल्या उंचीत येत नाही. फेब्रुवारी २००० मध्ये एका अमेरिकन अंतराळयानानं अकरा दिवसांत जगाच्या बहुतेक जमिनीची उंची रडारनं मोजली. त्यावर आधारलेले पाणलोट नकाशे आज सगळीकडे वापरले जातात, पण घनदाट जंगलात त्या रडारला जमीन नव्हे तर झाडांचे शेंडे दिसले. नकाशातली रेषा कितीही ठसठशीत असली तरी दाट झाडी आणि सपाटी असलेल्या भागात तिच्यावर डोळे झाकून विसंबू नये.

लहान-मोठं कसं ठरवायचं?

सगळ्यात रूढ वर्गीकरण आकारावर चालतं. भारतात अखिल भारतीय मृदा व भूमी-उपयोग सर्वेक्षण या संस्थेनं देशाचा पाणलोट नकाशासंग्रह तयार केला, १:१० लाख या प्रमाणावर. त्यात उतरंड अशी: ६ जलसंपत्ती प्रदेश, त्यांत ३५ खोरी, त्यांत ११२ उपविभाग, त्यांत ५०० पोट-उपविभाग आणि शेवटी ३,२३७ पाणलोट. प्रत्यक्ष कामासाठी त्याही खाली उपपाणलोट आणि सूक्ष्म पाणलोट पाडले जातात. सूक्ष्म पाणलोट साधारण ५०० ते १,००० हेक्टरचा. माथा ते पायथा मृद्संधारणाची कामं आखताना हाच आकार सोयीचा पडतो, कारण एवढं क्षेत्र पायी फिरून बघता येतं.

आकारांचे हे कप्पे मात्र सार्वत्रिक नाहीत. एका खात्याचा ‘सूक्ष्म’ दुसऱ्याचा ‘लघु’ असू शकतो. शब्दावर जाण्यापेक्षा हेक्टर बघावेत, हे बरं.

दुसरं वर्गीकरण प्रवाहांच्या श्रेणीचं. रॉबर्ट हॉर्टन यांनी १९४५ मध्ये ते मांडलं आणि आर्थर स्ट्राहलर यांनी १९५० च्या दशकात सोपं केलं. ज्याला कुणीच येऊन मिळत नाही तो पहिल्या श्रेणीचा ओहोळ. पहिल्या श्रेणीचे दोन मिळाले की दुसरी श्रेणी. दुसऱ्या श्रेणीचे दोन मिळाले की तिसरी. पण तिसऱ्याला पहिल्या श्रेणीचे पन्नास ओहोळ येऊन मिळाले तरी तो तिसराच राहतो. पद्धत देखणी आहे, पण तिच्यात एक गोम आहे: नकाशा जितका बारीक, तितके जास्त ओहोळ दिसतात, आणि तीच नदी एका नकाशावर चौथ्या श्रेणीची तर दुसऱ्यावर सहाव्या श्रेणीची ठरते. शिवाय श्रेणी हा ओळख पटवणारा क्रमांकच नव्हे, कारण तिसऱ्या श्रेणीचे हजारो प्रवाह असतात. ओळख हवी तर वेगळी पद्धत लागते.

पत्ता सांगणारे क्रमांक

अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेनं १९७० च्या दशकात देशभरासाठी आठ आकडी कोडची पद्धत बसवली. तिची रचना पिनकोडसारखी आहे: डावीकडून वाचत गेलं की जागा लहान लहान होत जाते. उदाहरणादाखल ०१०८०२०४ हा कोड घेऊ. पहिले दोन आकडे ०१ म्हणजे न्यू इंग्लंड प्रदेश. ०१०८ म्हणजे त्यातलं कनेक्टिकट नदीचं खोरं. ०१०८०२ म्हणजे त्या खोऱ्याचा खालचा भाग. आणि पूर्ण ०१०८०२०४ म्हणजे त्याला मिळणाऱ्या चिकोपी नदीचं क्षेत्र. पुढे याच पद्धतीत आणखी दोन-दोन आकडे जोडून दहा आणि बारा आकडी कोड आले. बारा आकडी तुकडा साधारण ४,००० ते १६,००० हेक्टरचा असतो आणि अशा तुकड्यांची संख्या लाखाच्या घरात जाते.

यातली एक बारीक सोय मला फार आवडते. एखादा मोठा तुकडा पुढच्या पातळीवर फोडायची गरज नसेल, तर त्या पातळीच्या दोन जागी ०० लिहितात. म्हणजे कोडच्या मध्ये ०० दिसला तर समजायचं की इथे विभागणी झाली नाही, वरच्या आणि खालच्या पातळीचा तुकडा एकच. कोडची लांबी बदलत नाही आणि पातळ्यांची सरमिसळ होत नाही.

भारतीय नकाशासंग्रहानं हाच प्रश्न वेगळ्या तऱ्हेनं सोडवला. तिथे अंक आणि इंग्रजी अक्षर आळीपाळीनं येतात: प्रदेशाला अंक, खोऱ्याला अक्षर, मग अंक, मग अक्षर, मग पाणलोटाला अंक. त्यापुढे उपपाणलोटाला लहान लिपीतलं अक्षर आणि सूक्ष्म पाणलोटाला पुन्हा अंक. प्रदेश सहा: १ सिंधू, २ गंगा, ३ ब्रह्मपुत्रा, ४ बंगालच्या उपसागराला मिळणाऱ्या बाकीच्या सगळ्या नद्या, ५ सिंधू सोडून अरबी समुद्राला मिळणाऱ्या सगळ्या, आणि ६ पश्चिम राजस्थानातले बहुतांशी हंगामी प्रवाह. अंक-अक्षरांच्या या आळीपाळीमुळे एखाद्या पातळीवरचा अंक दहाच्या वर गेला तरी कोड वाचताना गोंधळ होत नाही. अक्षर लागलं की पातळी बदलली.

दोन्ही पद्धती शोधायला उत्तम. पण पाणी कुठून कुठे जातं हे त्यांच्या आकड्यांवरून कळत नाही, आणि ही उणीव लहान नाही. अमेरिकन नकाशात ०७ म्हणजे वरची मिसिसिपी, ०८ खालची मिसिसिपी. इथवर ओळीनं आहे. पण ०९ चं पाणी उत्तरेला हडसन उपसागराकडे जातं, मिसिसिपीशी त्याचा काही संबंध नाही. १० म्हणजे मिसुरी, आणि ती जाऊन मिळते ०७ मध्ये. ०६ म्हणजे टेनेसी, ती मिळते ०५ मध्ये, म्हणजे ओहायोत. नुसत्या आकड्यांकडे बघून हे ओळखायला कुठलीच खूण नाही.

याच उदाहरणात आणखी एक मेख आहे. ०८ हा खालच्या मिसिसिपीचा तुकडा नकाशावर इतरांसारखाच रंगवलेला दिसतो. पण त्याच्या खालच्या टोकाशी जे पाणी बाहेर पडतं ते ०५, ०६, ०७, १० आणि ११ (आर्कान्सा, व्हाइट आणि रेड नद्या) या पाचही प्रदेशांतून आलेलं असतं. म्हणजे ०८ हे पाणलोट क्षेत्र नाहीच. पाणलोट क्षेत्राचा तो शेवटचा काप आहे. अमेरिकन पर्यावरणतज्ज्ञ जेम्स ओमर्निक यांनी २००३ मध्ये यावर खरमरीत लेख लिहिला. असे जवळपास निम्मे तुकडे खऱ्या अर्थानं पाणलोट नाहीत, आणि तरी लोक त्यांतल्या जमिनीचा वापर बघून नदीच्या पाण्याच्या गुणवत्तेचे निष्कर्ष काढतात, हा त्यांचा आक्षेप होता. मला तो रास्त वाटतो. ज्या तुकड्याला वरून पाणी येतं, त्याच्या पाण्याचा दोष त्या तुकड्यातल्या शेतांवर ढकलून चालत नाही.

नावं देणारे याबाबत जास्त सावध निघाले. सहसा तुकड्याला त्यातल्या मुख्य प्रवाहाचं नाव देतात. त्याच प्रवाहाचे दोन-तीन तुकडे पडले तर उगमाकडच्याला ‘हेडवॉटर्स’, मुखाकडच्याला ‘आउटलेट’, किंवा मग ‘अपर’, ‘मिडल’, ‘लोअर’ असं पुढे लावतात. नुसता मधला काप असेल तर एखाद्या लहान ओढ्याचं आणि मोठ्या नदीचं नाव मध्ये आडवी रेघ देऊन जोडतात. असं जोडनाव दिसलं की बहुतेक वेळा समजावं, वरून आलेली मोठी नदी या तुकड्यातून नुसती वाहत जाते आहे.

वाट सांगणारे क्रमांक

क्रमांकातूनच पाण्याची वाट कळावी, ही युक्ती ओटो फाफ्स्टेटर या ब्राझीलच्या अभियंत्यानं काढली. १९८९ मध्ये त्यानं ती लिहून ठेवली, १९९० च्या दशकाअखेरीस ती इंग्रजीत शास्त्रीय नियतकालिकात पोचली आणि मग जगभर गेली. ब्राझीलनं ती अधिकृतपणे स्वीकारली आहे. तिथे अशा क्षेत्रांना या गृहस्थाच्या पहिल्या नावावरून ‘ओटो-खोरी’च म्हणतात.

नियम असा. नदीच्या मुखाशी सुरुवात करा आणि मुख्य प्रवाहानं वर चला. तिच्या उपनद्यांपैकी ज्यांचं क्षेत्र सर्वांत मोठं अशा फक्त चार निवडा. मुखाकडून उगमाकडे जाताना त्यांना २, ४, ६, ८ हे सम अंक द्या. मधल्या मुख्य प्रवाहाच्या कापांना विषम अंक: मुखापासून पहिल्या मोठ्या उपनदीपर्यंत १, मग ३, ५, ७, आणि शेवटच्या मोठ्या उपनदीच्या वरचं सगळं ९. बंदिस्त खोरं असेल, म्हणजे ज्याचं पाणी बाहेर जातच नाही, तर त्यातल्या सर्वांत मोठ्याला ०. झाली पहिली पातळी. आता या प्रत्येक तुकड्यात हेच पुन्हा करा आणि नवा अंक उजवीकडे जोडा. ४ क्रमांकाच्या उपनदीचे ४१ ते ४९ असे नऊ तुकडे. ४६ चे ४६१ ते ४६९. हवं तितकं खोल जा.

नियम एवढाच, पण त्यातून काय साधतं ते बघण्यासारखं आहे. समजा ४६ या तुकड्यात ओढ्याकाठी रसायनाचा टँकर उलटला. खाली कुणाकुणाला कळवायचं? ४६ ही ४ क्रमांकाच्या उपनदीला मिळणारी सम अंकाची पोटनदी. तिचं पाणी ४५ मध्ये उतरेल, तिथून ४३, ४१. मग ४ क्रमांकाची उपनदी मुख्य नदीला मिळते, ती ३ आणि ५ यांच्या सीमेवर. त्यामुळे रसायन ३९ मध्ये शिरेल आणि ३७, ३५, ३३, ३१ करत १९ मध्ये, तिथून ११ पर्यंत, समुद्राला. ४४ आणि ४२ यांना धोका नाही, कारण त्या शेजारून येऊन मिळणाऱ्या वेगळ्या नद्या आहेत. ३८ लाही नाही. २ ने सुरू होणारं संपूर्ण खोरं सुरक्षित.

नियमात बसवायचं तर: दोन कोडचे डावीकडून जुळणारे अंक बाजूला काढा. उरलेल्या भागात ज्याचा आकडा लहान आणि ज्याचे सगळे अंक विषम, तो तुकडा खालच्या वाटेवर. ४६ आणि ४१: ४ जुळला, उरले ६ आणि १, १ लहान आणि विषम, म्हणजे धोक्यात. ४६ आणि २३: काहीच जुळत नाही, २३ लहान आहे खरा, पण २ सम, म्हणजे सुटला. नकाशा न उघडता, नुसते आकडे तपासून संगणक हे एका क्षणात सांगतो. जागतिक पातळीवर आज सर्रास वापरली जाणारी हायड्रोबेसिन्स ही पाणलोट-माहिती याच क्रमांकपद्धतीवर, बारा पातळ्यांत उपलब्ध आहे.

याची किंमतही मोजावी लागते. निवड क्षेत्रफळावर होते, नावलौकिकावर नाही. मिसुरी आणि मिसिसिपी जिथे मिळतात तिथे मिसुरीचं क्षेत्र जवळजवळ तिप्पट भरतं. त्यामुळे फाफ्स्टेटरच्या हिशेबात मुख्य प्रवाह मिसुरीनं वर चढतो, आणि जिचं नाव सगळ्या नदीला मिळालं ती मिसिसिपी तिथून वर केवळ एक उपनदी ठरते, सम अंकाची. दक्षिण अमेरिका खंडावर समुद्राला मिळणाऱ्या चार सर्वांत मोठ्या नद्या निवडल्या आणि किनाऱ्यानं उत्तरेकडून दक्षिणेकडे अंक देत गेलं तर ओरिनोकोला २, अमेझॉनला ४, टोकँटिन्सला ६ आणि पारानाला ८ येतो. साओ फ्रान्सिस्को ही ब्राझीलच्या इतिहासात एवढी मानाची नदी, पण आकारात पाचवी. पहिल्या पातळीवर तिला स्वतःचा अंकच नाही. किनाऱ्यावरच्या बारक्यासारक्या नद्यांसोबत ती ७ मध्ये जाऊन बसते. नावांवर जीव असलेल्या माणसाला हे खटकणारच. शिवाय पत्ता सांगणाऱ्या कोडमध्ये माणूस निदान नाव तरी आठवू शकतो. ६४२९७ सारखा आकडा बघून कुणाला कुठली नदी डोळ्यांसमोर येणार?

काही जागा मात्र कुठल्याच पद्धतीत धड बसत नाहीत. सगळ्या पद्धती धरून चालतात की पाणी एकाच दिशेनं उतरतं आणि प्रवाह मिळत जातात, फुटत नाहीत. व्हेनेझुएलात कासिकियारे नावाचा प्रवाह हे गृहीतक मोडतो. तो ओरिनोकोतून फुटतो आणि तीनशे किलोमीटरहून जास्त वाहत जाऊन रिओ नेग्रोला, म्हणजे अमेझॉनच्या उपनदीला मिळतो. अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट १८०० मध्ये नावेनं या वाटेनं गेला होता. म्हणजे वरच्या हिशेबातल्या २ चं थोडं पाणी ४ मध्ये जातं, आणि कोडच्या गणितात अशा वाटेला जागाच नाही. त्रिभुज प्रदेशांत आणि कालव्यांच्या जाळ्यात हा प्रश्न रोजचाच.

जमिनीखालचं पाणी तर या रेषा जुमानतच नाही. जर्मनीत इमेंडिंगेन गावाजवळ डॅन्यूब नदीचं पाणी चुनखडीच्या भेगांत शिरतं. वर्षातले कित्येक दिवस तिथे पात्र कोरडं पडतं. १८७७ मध्ये त्या पाण्यात रंग आणि मीठ टाकून पाहिलं, तर सुमारे अडीच दिवसांनी ते बारा किलोमीटरवरच्या आख नदीच्या झऱ्यातून बाहेर आलं. ती आख ऱ्हाईनच्या खोऱ्यातली. नकाशावर जी जमीन काळ्या समुद्राच्या पाणलोटात रंगवलेली आहे, तिथलं पाणी प्रत्यक्षात उत्तर समुद्राला जातं. नकाशे पृष्ठभागाच्या उतारावर काढलेले असल्यामुळे क्रमांक डॅन्यूबचाच राहतो.

प्रत्यक्ष वापरात सर्वांत जास्त सतावणाऱ्या गोष्टी याहून किरकोळ असतात. उंचीची माहिती सुधारली की सीमा सरकतात, पण कोड बहुधा तोच राहतो, म्हणून जुन्या तक्त्यातला आणि नव्या नकाशातला एकाच क्रमांकाचा तुकडा हुबेहूब सारखा असेलच असं नाही. आकडेवारी घेताना नकाशाची आवृत्ती लिहून ठेवावी. आणि कोड एक्सेलमध्ये भरण्याआधी तो रकाना ‘मजकूर’ म्हणून ठरवून घ्यावा. नाहीतर ०१०८०२०४ मधला पहिला शून्य गळून पडतो आणि न्यू इंग्लंडचा आठ आकडी कोड सात आकडी होतो. भारतीय कोडमध्ये तर आणखी गंमत: चार, इंग्रजी ई आणि दोन असा कोड टाकला, तर एक्सेल त्याला शास्त्रीय लेखनातली संख्या समजून त्या जागी ४०० धरतो.